मापात पाप कोणाचे? विमानाचे इंधनमापक आणि आपले डिझेल

शेती आणि विमान यांचा संबंध काय, असा प्रश्न पहिल्याच ओळीला मनात येणे साहजिक आहे. पण छोटे विमान आता आपल्या माणसांना अगदीच परके राहिलेले नाही. पुण्याच्या पूर्वेकडील शेतकऱ्यांनी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची बिनइंजिनाची विमाने घिरट्या घालताना पाहिली आहेत. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात ढगांचा आणि कृत्रिम पावसाचा अभ्यास केला, तेव्हा ढगात शिरणारी छोटी विमाने तिकडच्या लोकांनी पाहिली. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने तर कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०२० साली धुळ्याच्या विमानतळावर त्याची उड्डाण चाचणी झाली.

यातले बिनइंजिनाचे ग्लायडर सोडले, तर बाकी प्रत्येक विमानाला एक गोष्ट सतत माहीत असावी लागते. टाकीत इंधन किती उरले आहे आणि ते आणखी किती वेळ पुरेल? ट्रॅक्टरचे डिझेल संपले तर आपण बांधाला उभे राहतो, पोराला कॅन घेऊन पाठवतो. विमानाला ती सोय नाही. म्हणून इंधन मोजणाऱ्या यंत्राची तपासणी कशी करावी, याचा जेवढा काटेकोर विचार विमानवाल्यांनी केला आहे तेवढा क्वचितच कोणी केला असेल.

आपण तो समजून घ्यायचे कारण असे, की तशाच तत्त्वाची यंत्रे आता गावात आली आहेत. ट्रॅक्टरला जीपीएससोबत डिझेलचे मीटर बसवून देणारे विक्रेते तालुक्याच्या गावी फिरतात. फवारणीच्या ड्रोनमध्ये औषध मोजणारे फ्लोमीटर असते. पडद्यावर आकडा दिसला की तो खरा, असे आपण धरून चालतो. त्या आकड्यावर भाडे ठरते, औषधाचा डोस ठरतो आणि कधी कधी माणसाची इभ्रतही ठरते. म्हणून हा विषय.

चाक फिरते, ठोके मोजले जातात

छोट्या विमानाच्या इंधन नळीत काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक ठोकळ्यासारखे उपकरण बसवतात. त्याला फ्युएल फ्लो सेन्सर म्हणतात. आत एक बारीक पंख्याचे चाक असते. इंधन वाहू लागले की चाक फिरते. पाते समोरून गेले की विजेचा एक ठोका पडतो. हे ठोके मोजून वैमानिकासमोरचे यंत्र दोन आकडे दाखवते. ताशी किती लिटर इंधन जळत आहे हा पहिला आणि निघाल्यापासून एकूण किती जळाले हा दुसरा.

एका लिटरला किती ठोके पडतात, तो आकडा म्हणजे या यंत्राचा प्राण. त्याला के-फॅक्टर म्हणतात. काही सेन्सरमध्ये लिटरला अठरा हजारांच्या आसपास ठोके पडतात. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून देतात आणि बसवताना तो यंत्रात भरायचा असतो.

पाटबंधारे खात्यातील मंडळींना हे नवे वाटणार नाही. कालव्याचे पाणी मोजताना वापरतात तो करंट मीटर याच जातीचा. पाण्याच्या वेगाने वाट्या किंवा पंखा फिरतो, फेरे मोजायचे आणि त्यावरून वेग काढायचा. हे मीटर जुळवण्याची सोय आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेली ही संस्था. तेथे लांबलचक हौदात पाणी स्थिर ठेवतात. वर रुळांवरून गाडा ठरलेल्या वेगाने चालवतात आणि गाड्याला टांगलेला मीटर पाण्यातून ओढला जातो. गाड्याचा वेग पक्का माहीत असतो, त्यामुळे मीटरचे फेरे खरे की खोटे ते कळते. ज्याची खात्री आहे अशा मापाशी यंत्राचा आकडा ताडून पाहणे, याला कॅलिब्रेशन म्हणतात. आपल्या भाषेत माप जुळवणे.

कारखान्याचा आकडा असताना पुन्हा तपासणी का?

कारखान्यात सेन्सर टेबलावर ठेवून, सरळ नळीत, ठरावीक वेगाने इंधन सोडून तपासलेला असतो. विमानात तोच सेन्सर इंजिनाजवळच्या गर्दीत बसतो. जवळच नळीला वळण असेल तर इंधन भोवऱ्यासारखे फिरत आत येते आणि चाकाचा वेग बदलतो. उष्णतेने नळीत वाफेचे बुडबुडे झाले तर तेही चाकाला इंधनासारखेच फिरवतात. पंप धडधडत असेल तर चाक पुढे-मागे हिसके खाते आणि जास्तीचे ठोके पडतात. कचरा अडकला तर चाक जड फिरते आणि ठोके कमी पडतात. इंजिन नुसते सुरू ठेवले असेल तेव्हा प्रवाह इतका थोडा असतो की चाक अडखळत फिरते.

म्हणून विमानवाल्यांचा दंडक असा, की सेन्सर जिथे बसला आहे तिथेच, रोज जे इंधन वापरायचे त्याच इंधनावर आणि कामाच्या वेगावर त्याचे माप जुळवायचे.

चार फेऱ्यांचा हिशेब

आता पद्धत पाहू. टाकी ठरलेल्या खुणेपर्यंत पूर्ण भरायची. विमान उडवून आणायचे. मग त्याच सपाट जागी, त्याच दिशेने उभे करून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायचे. जेवढे इंधन बसले तेवढेच जळाले. पंपाचा आकडा आणि सेन्सरचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहायचे.

समजा चार फेऱ्यांत पंपावर ६२, ४८, ७१ आणि ५९ लिटर भरले. बेरीज २४० लिटर. सेन्सरने त्याच फेऱ्यांत ६५, ५१, ७५ आणि ६१ लिटर दाखवले. बेरीज २५२. म्हणजे यंत्र शंभराला पाच जास्त दाखवते. २५२ भागिले २४० म्हणजे १.०५. जुना के-फॅक्टर १८,००० असेल तर त्याला १.०५ ने गुणून १८,९०० करायचा. यंत्र जास्त दाखवत असेल तर लिटरमागचे ठोके वाढवायचे, कमी दाखवत असेल तर कमी करायचे. त्यानंतर पुढच्या भरणीला पुन्हा ताडा पाहायचा.

चार फेऱ्या कशासाठी, एकीने भागत नाही का? नाही. टाकी भरताना लिटरभर इकडे-तिकडे होतेच. जमीन जराशी कलती असते, फेस असतो, भरणाऱ्याचा हात असतो. वीस लिटरच्या एकाच भरणीत एका लिटरची चूक म्हणजे शंभराला पाच. दोनशे लिटरच्या बेरजेत तीच एका लिटरची चूक शंभराला अर्धा होते. म्हणून घाईने एका भरणीवर यंत्राचा आकडा बदलू नये.

शंभराला पाच म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण प्रशिक्षणाचे छोटे विमान ताशी साधारण पस्तीस लिटर इंधन जाळते असे धरा. चार तासांत १४० लिटर. पाच टक्के म्हणजे सात लिटर, म्हणजेच बारा मिनिटांचे उड्डाण. यंत्र खरे जळाले त्यापेक्षा कमी दाखवत असेल, तर वैमानिक जी बारा मिनिटे हाताशी आहेत असे समजतो, ती टाकीत नसतात.

यंत्राला काय दिसत नाही

माप अगदी बरोबर जुळले, तरी सेन्सरला फक्त त्याच्या अंगावरून गेलेले इंधन कळते. टाकी आणि सेन्सर यांच्यामध्ये नळी गळत असेल, किंवा टाकीचे झाकण नीट न लागून इंधन उडून जात असेल, तर त्याला पत्ताही लागत नाही. टाकीत सुरुवातीला किती होते तेही त्याला माहीत नसते, ते माणसाने सांगायचे असते. टाकी अर्धी असताना ‘पूर्ण’ म्हणून बटण दाबले, की पुढचा सगळा हिशेब खोटा.

त्यासाठी पंखात टाकी असलेल्या अनेक छोट्या विमानांत वैमानिक आजही निघण्यापूर्वी झाकण उघडतो, खुणा केलेली दांडी टाकीत बुडवतो आणि डोळ्यांनी खात्री करतो. एवढी यंत्रे समोर असताना दांडी! आपणही ट्रॅक्टरच्या टाकीत काठी घालून पाहतो, त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी गोष्ट एककाची. इंधनमापक कुठे गॅलन दाखवते, कुठे लिटर, कुठे वजन. त्यात अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. नाव एक आणि मापे दोन. जुन्या लोकांना शेर आणि पायली गावोगाव बदलत असे ते आठवत असेल, तसाच हा प्रकार.

एककाच्या गोंधळाने काय होते याचे मोठे उदाहरण कॅनडाचे आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका मोठ्या प्रवासी विमानाचे टाकीचे मापक बंद होते, म्हणून दांडीने मोजून हिशेब केला. हिशेब किलोत हवा होता, पण लिटरचे वजन करताना पौंडाचा आकडा वापरला गेला. सुमारे वीस हजार लिटर भरायला हवे होते तेथे पाच हजारांपेक्षाही कमी भरले. आकाशात ४१ हजार फुटांवर इंधन संपत आले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने विमान ग्लायडरसारखे तरंगत आणून गिमली गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. आतली ६९ माणसे वाचली. दांडी चुकली नव्हती. चूक वजनाच्या गुणाकारात झाली होती.

ट्रॅक्टरची परतीची नळी

आता आपल्या अंगणात येऊ. विमानाच्या पेट्रोल इंजिनापेक्षा ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात एक अडचण जास्त आहे. टाकीतून जेवढे डिझेल पंपाकडे जाते तेवढे सगळे जळत नाही. पंप आणि नोझल यांना थंड व ओले ठेवून उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे जाते. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे आलेल्या कॉमन रेल इंजिनांत परतीचे डिझेल बरेच असते. अशा वेळी जाणाऱ्या नळीवर एकच सेन्सर लावला, तर परत आलेले डिझेलही ‘जळाले’ म्हणून मोजले जाते.

पुण्याजवळच्या एका अवजारे गटात यावरून भलताच प्रसंग उभा राहिला. गटाने ट्रॅक्टरला मीटर बसवून घेतले. पंधरा दिवसांनी मीटर पाहतात तर काम थोडे आणि डिझेल भरमसाट. सभासदांनी सरळ ड्रायव्हरवर बोट ठेवले. “रात्रीचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात चालवतोस. मीटर खोटं बोलतंय का?” माणूस बारा वर्षे गटाच्या कामावर. त्याने काम सोडायचे ठरवले होते. पण जाण्यापूर्वी त्याने पंपाच्या पावत्या काढून ठेवल्या. तो म्हणाला, “साहेब, शिकलेल्यांनीच हिशेब करा. मीटर म्हणतंय चौऱ्याण्णव लिटर जळालं. टाकीत सगळं मिळून एकसष्टच टाकलंय, आणि टाकी होती तेवढीच भरलेली आहे. मग वरचं तेहेतीस लिटर आलं कुठून? मी चोरतो म्हणता, पण इथं तर मी घरचं टाकल्यासारखं दिसतंय.”

सभेत कोणी बोलेना. जे टाकीत पडलेच नाही ते जळणार कसे? नळ्या पाहिल्या तेव्हा सेन्सर जाणाऱ्या नळीवर आणि परतीची नळी सरळ टाकीत, असा प्रकार निघाला. मीटरवाल्याने बसवताना परतीचा विचारच केला नव्हता. ड्रायव्हर कामावर राहिला, पण त्या पंधरा दिवसांत गावात त्याच्याविषयी जे बोलले गेले ते परतीच्या नळीने परत येत नाही.

यावर उपाय म्हणून जाताना एक आणि परतताना एक असे दोन सेन्सर लावून वजाबाकी करतात. पण तेथेही जपून. समजा ताशी ६० लिटर जाते आणि ५४ परत येते, म्हणजे ६ जळते. दोन्ही सेन्सर शंभराला फक्त एक इतकेच चुकले आणि चूक उलट दिशांना असली, तर वजाबाकीत लिटरभराहून जास्त फरक पडतो. सहा लिटरवर लिटरभर म्हणजे शंभराला अठरा-एकोणीस! शिवाय परतीचे डिझेल गरम असते. डिझेल वीस अंशांनी तापले तर आकारमानाने सुमारे दीड टक्का फुगते, त्यामुळे तेच डिझेल परतताना जास्त भासते. तेव्हा दोन सेन्सरचे मीटरसुद्धा टाकीच्या भरणीशी ताडल्याशिवाय विश्वासाचे नाही.

डिझेलचे माप घरच्या घरी

यासाठी महागडे काही लागत नाही. विमानवाल्यांचीच भरणीची पद्धत पुढीलप्रमाणे करावी.

१) आधी आपले माप तपासा. दहा लिटरची खूण असलेला कॅन घ्या. दूध संकलन केंद्रावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा तोला, मग खुणेपर्यंत पाणी भरून तोला. फरक दहा किलो यायला हवा, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कमी-जास्त आले तर खूण सरकवा. नंतर कॅन उन्हात कडकडीत वाळवा. डिझेलमध्ये पाण्याचा थेंब गेला तर पंप आणि नोझलचे काम निघते.

२) पंपाचे मापही पाहता येते. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप असते. ग्राहकाने मागितले तर त्यात मोजून दाखवणे पंपचालकाला बंधनकारक आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. गुलटेकडीला माल टाकून परतताना शहरात डिझेल भरणाऱ्यांनी एकदा तरी हे माप मागून पाहावे. मागण्यात भांडण नाही.

३) सपाट जागा ठरवा. शक्यतो घरासमोरचा किंवा शेडमधला कोबा. प्रत्येक वेळी तेथेच, त्याच तोंडाने ट्रॅक्टर उभा करा.

४) टाकी गळ्यापर्यंत भरा. डिझेलला फेस येतो, तो बसू द्या आणि पुन्हा खुणेपर्यंत आणा.

५) मीटर शून्यावर आणा. नेहमीचे काम करा, म्हणजे नांगरट, रोटाव्हेटर, जे असेल ते. नुसता उभ्या ट्रॅक्टरवर तपासू नका, कारण तेव्हाचा प्रवाह कामाचा नसतो. निदान पाच-सहा तास काम होऊ द्या.

६) परत त्याच जागी कॅनने मोजून भरा. मीटरचा आकडा आणि कॅनचा आकडा वहीत लिहा. असे चार वेळा करा. मगच बेरजा घ्या आणि मीटरच्या बेरजेला कॅनच्या बेरजेने भागा. उत्तर एकच्या जवळ आले तर मीटर ठीक. जास्त आले तर मीटर जास्त दाखवते, कमी आले तर कमी.

७) आलेला आकडा मीटरवाल्याला दाखवून त्याच्याकडून के-फॅक्टर जुळवून घ्या. जुना आकडा आणि नवा आकडा दोन्ही तारखेसह लिहून ठेवा.

नोझलची नळी सोडून बादलीत डिझेल धरायचा प्रकार मात्र शेतात कोणी करू नये. विमानाच्या वर्कशॉपमध्ये तशी चाचणी होते, पण तेथे आग विझवण्याची तयारी असते. पेट्रोलच्या यंत्राबाबत तर हा विचारही नको.

एवढे केल्यावर मीटर नसले तरी बिघडत नाही. ताशी किती आणि एकराला किती लिटर हे आपल्या वहीतूनच निघते. आकडा कशाशी ताडायचा असा प्रश्न पडला, तर मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात आणि त्यांच्या अहवालात इंधनखर्च दिलेला असतो. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडून तो अहवाल मागावा. आपल्या रानातला खर्च त्याहून वेगळा येईल, कारण माती, खोली आणि टायरची हवा वेगळी असते. पण दुपटीचा फरक दिसला तर फिल्टर, नोझल, गळती किंवा मीटर यांपैकी काहीतरी बिनसले आहे हे नक्की.

ड्रोनच्या टाकीतही तोच हिशेब

ड्रोन हेही कायद्याने विमानच. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे दोन किलोपेक्षा जास्त आणि पंचवीस किलोपर्यंत वजनाचे ड्रोन ‘स्मॉल’ म्हणजे लहान गटात येते. दहा लिटरची टाकी असलेले फवारणीचे बरेच ड्रोन याच गटातले. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, ती १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्यासाठी. त्यामुळे ड्रोनचे माप हा आता आपल्या भगिनींच्या रोजीरोटीचाही प्रश्न आहे.

हे ड्रोन बॅटरीवर चालतात. त्यात इंधनाऐवजी औषध वाहते, पण मोजणारा सेन्सर ठोक्यांचाच. उदाहरण घ्या. ड्रोन सेकंदाला चार मीटर वेगाने जाते आणि फवाऱ्याचा पट्टा चार मीटर रुंद आहे. मिनिटाला ९६० चौरस मीटर, म्हणजे साडेनऊ गुंठे झाले. मिनिटाला २.४ लिटर औषध पडत असेल तर दहा लिटरची टाकी बरोबर एकराला पुरते. आता पडद्यावर २.४ दिसते, पण प्रत्यक्षात २.१ च पडते असे समजा. तीच टाकी ४५ गुंठ्यांवर पसरेल. चाळीस गुंठ्यांचे औषध पंचेचाळीसवर गेले, डोस कमी पडला, कीड मेली नाही. मग आपण म्हणतो औषध बोगस! उलट २.७ पडले तर टाकी ३५ गुंठ्यांतच संपते आणि तेथे डोस जास्त होतो.

तपासणी सोपी आहे. ड्रोनचे पंखे काढून किंवा मोटारी बंद ठेवून, टाकीत स्वच्छ पाणी भरा. प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून फक्त पंप एक मिनिट चालवा. सगळ्या पात्रांची बेरीज पडद्यावरच्या आकड्याशी ताडा. असे तीनदा करा. एखादा नोझल बाकीच्यांपेक्षा शंभराला दहाहून जास्त फरक दाखवत असेल तर तो धुवा, तरीही फरक राहिला तर बदला. बेरीजच चुकत असेल तर ड्रोनच्या ॲपमध्ये फ्लोमीटर जुळवण्याचा पर्याय बहुधा असतो, तो कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वापरावा. औषध पाण्यापेक्षा घट्ट असेल तर प्रवाह बदलतो, म्हणून शेवटचा ताडा प्रत्यक्ष रानात घ्यावा. टाकी किती गुंठ्यांत संपली ते मोजा. आधी औषधाने भरलेली टाकी हाताळताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, आणि धुतलेले पाणी ओढ्या-विहिरीपासून लांब टाका.

गावाच्या कारभाऱ्यांसाठी चार शब्द

ग्रामपंचायतीचा टँकर किंवा ट्रॅक्टर असो, गटाची अवजारे बँक असो की बचत गटाचे ड्रोन, प्रत्येकासोबत एक वही असावी. तिच्यात सहा रकाने पुरेत. तारीख, काम व क्षेत्र, किती तास चालले, पंपाच्या पावतीप्रमाणे भरलेले लिटर, मीटरप्रमाणे लिटर आणि दोन्हींतील फरक. वहीवर चालवणाऱ्याची आणि कारभाऱ्याची, दोघांचीही सही घ्यावी. फिल्टर बदलला, नळी बदलली, नोझल बदलला किंवा मीटर काढून बसवले, की माप नव्याने जुळवावे. काहीच बदलले नाही तरी हंगामाच्या सुरुवातीला एकदा जुळवावे.

मीटर विकत घेताना तीन प्रश्न विचारावेत. परतीच्या नळीचे काय केले आहे? के-फॅक्टर कुठे लिहिला आहे आणि तो बदलण्याची सोय आहे का? बसवल्यानंतर आमच्यासमोर टाकी भरून ताडा दाखवाल का? या प्रश्नांना सरळ उत्तरे न देणाऱ्याकडून मीटर घेऊ नये, मग तो कितीही सवलत देवो.

आणि फरक निघाला तर चौकशीचा क्रम पाळावा. आधी माप, मग नळ्या व गळती, मग वहीतली बेरीज, त्यानंतर यंत्राचा आकडा. हे सगळे बरोबर निघाले तरच माणसाकडे वळावे. मापात पाप नको, असे आपण दुकानदाराला वर्षानुवर्षे ऐकवत आलो आहोत. तेच आता घरात आणलेल्या यंत्रालाही ऐकवले पाहिजे, आणि ते त्याच्याकडून करून घेण्यासाठी खूण केलेला कॅन, दुधाचा काटा आणि एक वही एवढेच लागते. खरिपाच्या नांगरटीला ट्रॅक्टर रानात जाण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे.